खेळाडूला ड्रॅगन द्यायचाय? माझा अनुभव

खेळ: डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ; पाचवी आवृत्ती (२०१४चे नियम). लक्षण: एकाने पात्र म्हणून ड्रॅगन घेतला की लढाई दोन फेऱ्यांत संपते आणि बाकीचे नुसते बसून राहतात.

आधी ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखा दिसणारा, दोन पायांवर चालणारा वंश) सुचवला. पंख नाहीत म्हणून खेळाडू हिरमुसला. मग मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकातलं लाल ड्रॅगनचं पिल्लू जसंच्या तसं दिलं. ७५ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा), आगीच्या श्वासाने होणाऱ्या इजेला ७ सहापैलू फासे. शेजारच्या तिसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे (लढवय्या पात्राकडे) जेमतेम २८! श्वास दिवसातून एकदाच ठेवला, तरी तो आकाशातून खाली येईना. तीन सत्रं वाया गेली, फार वाईट वाटलं.

शेवटी जमलं ते या क्रमाने. राक्षसाचे आकडे पूर्ण बाजूला ठेवले. ड्रॅगनबॉर्नचेच नियम घेतले: श्वास २ सहापैलू फासे, छोट्या विश्रांतीनंतर परत. हिट पॉइंट क्लासमधून (पात्राच्या पेशातून), इतरांसारखेच. मग फक्त देह बदलला: चार पाय, मध्यम आकार, पंजा म्हणजे १ सहापैलू फासा, हत्यार धरता येत नाही. उड्डाण सगळ्यात शेवटी, आणि टप्प्याटप्प्याने. पहिल्या लेव्हलला फक्त तरंगत उतरणं. तिसरीला ३० फूट उडणं, पण पाळी संपताना जमिनीवर. पाचवीला मोकळं आकाश. पाचवीच का? विझार्डला (जादूगार पात्राला) फ्लाय हा उडण्याचा मंत्र तेव्हाच मिळतो, त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही.

चिलखताऐवजी खवले: आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, मॉडिफायर. हे पहिल्याच सत्राआधी सगळ्यांसमोर ठरवा, एकट्या त्या खेळाडूशी नको.