लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताय? या चुका टाळा, अन् स्क्रीन काळी झाली की लगेच फॉरमॅट मारू नका

परभणीहून भाच्याचा फोन आला, "मामा, ड्रायव्हर टाकला अन् स्क्रीन काळीच झाली, फॉरमॅट मारू का?" म्हणलं थांब बाबा, कशालाच हात लावू नको. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) होतं, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं सेकंडहँड जीटी ७१०. त्यानं एनव्हिडियाच्या साईटवरून सगळ्यात नवी डॉट रन फाईल, म्हणजे ड्रायव्हरचा इन्स्टॉलर, उतरवली, इन्स्टॉलरनं वॉर्निंग दिली ती न वाचताच कंटिन्यू दाबलं, मग नूव्हो, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर, बंद झाला अन् नवा काही कार्डाला ओळखेना.

नवा तेवढा चांगला हे इथं चालत नाही. जीटी ७१० केपलर पिढीचं, त्याला ४७० नंबरचा हाच शेवटचा ड्रायव्हर. जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय असलं काही असेल तर ५८० शेवटचा. अन् आरटीएक्स ५० सिरीज घेतली असेल तर ओपन कर्नल मॉड्यूलवालाच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग) लागतो, दुसरा चालतच नाही. म्हणून आधी टर्मिनलमधे उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस ही कमांड मारा, जिथं रेकमेंडेड लिहिलंय तोच घ्या. डॉट रन फाईल कामून नको, तर ती अ‍ॅप्टच्या, म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या टूलच्या, हिशोबात येत नाही, अन् डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बनवणारं) लावलेलं नसलं की पुढचा कर्नल अपडेट आला की पुन्हा काळी स्क्रीन.

आता सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर आत घेऊ न देणारी सोय. लई पोरं इथंच अडकायलेत. इन्स्टॉल करताना तो एक पासवर्ड मागतो, आपण काहीतरी टाकून देतो, रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते, एमओके मॅनेजमेंट म्हणून (एमओके म्हणजे ड्रायव्हरवरची सही ओळखायची मालकाची किल्ली), अन् १० सेकंदात बटण नाही दाबलं की ती निघून जाते. कुणाला वाटतं व्हायरस आला, कुणी घाबरून कंटिन्यू बूट दाबतं. तिथं एनरोल एमओके, कंटिन्यू, यस, अन् मग तोच पासवर्ड टाकायचा, टाइप करताना काही दिसत नसलं तरी. हे नाही केलं तर ड्रायव्हर डिस्कवर असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही, अन् एनव्हिडिया-एसएमआय ही ड्रायव्हर तपासायची कमांड मारली की ड्रायव्हरशी बोलणं होईना असला मेसेज येतो. चुकलं असेल तर एमओकेयुटिल कमांडनं ती किल्ली पुन्हा इम्पोर्ट करा अन् रीस्टार्ट मारून निळ्या स्क्रीनची वाट बघत बसा, चहाला उठू नका.

आपल्याकडं अजून एक गोष्ट, लाईट. मॉड्यूल बनत असताना लाईट गेली की पॅकेज अर्धवट राहतं, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर लोडशेडिंगचं टायमिंग बघूनच बसा. तरीही गेलीच तर अर्धवट पॅकेज पुरं करायला सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए मारा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. फेडोरावाल्यांनो (हाही लिनक्सचा एक प्रकार), आरपीएम फ्यूजन या पॅकेज भांडारातला एकेमॉड ड्रायव्हर टाकल्यावर पाचेक मिनिटं थांबा, मॉड्यूल मागं बनत असतं, लगेच रीबूट नको.

अन् काळी स्क्रीन आलीच तर सिस्टीम मेलेली नसते, फक्त चित्र येईना गेलंय, तुमच्या फाईली जागेवर आहेत. आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही ना, कार्डातच आहे ना हे बघा. मग कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, लॉगिन आलं तर निम्मं काम झालं. नाही आलं तर चालू करताना शिफ्ट किंवा एस्केपनं ग्रब, म्हणजे बूटचा मेनू, उघडा, ई दाबा, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. आत गेल्यावर डॉट रनवाल्याला सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल, अ‍ॅप्टवाल्याला अ‍ॅप्टनंच पर्ज (म्हणजे सेटिंगसकट काढून टाकणं), मग बरोबरचा ड्रायव्हर टाका. भाच्याचं असंच फोनवर तासाभरात झालं, प्रोजेक्टच्या फाईली सगळ्या वाचल्या.

एवढं करूनही नाही जमलं तर कुणाला विचारताना नुसतं "चालेना" म्हणू नका, कार्डाचं नाव, यूनेम -आरनं दिसणारं कर्नल व्हर्जन, अन् डीकेएमएस स्टेटस, हे तिन्ही सांगा.