लॉजिटचे प्रगतिपुस्तकात चालतील असे गुण करताना

बडोद्यातल्या मराठी आणि गुजराती माध्यमाच्या सातवीच्या मुलांना ३० प्रश्नांची एकच गणित चाचणी दिली आहे असं धरा. बरोबर-चूक असे गुण विनस्टेप्स या चाचणी-विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये घातले की प्रत्येकाची क्षमता लॉजिटमध्ये, म्हणजे बरोबर उत्तराच्या शक्यतेवरून काढलेल्या एककात, मिळते: कुणाची १.३२, कुणाची उणे ०.७५. हा उणे आकडा तसाच प्रगतिपुस्तकात गेला, तर दांडिया बाजारातले पालक दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभे राहतील. तेव्हा पट्टी बदलायची. त्यात सेल्सियसचं फॅरनहाइट करण्यापेक्षा जास्त काही नाही: एका आकड्याने गुणायचं, दुसरा मिळवायचा. मुलांचा क्रम, विश्वसनीयता, इनफिट-आउटफिट (उत्तरं अपेक्षेशी किती जुळतात त्याचे आकडे) यातलं काहीच हलत नाही. म्हणून हे काम शेवटी करा. बिघडलेले प्रश्न आधी काढा, सगळं विश्लेषण लॉजिटमध्येच उरका.

समजा सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन १०० हवं आहे. विनस्टेप्सच्या टेबल ३.१ मध्ये मुलांची सरासरी ०.५० आणि विचलन १.२५ लॉजिट दिसतं. १०० भागिले १.२५ म्हणजे ८०. हा झाला यूस्केल, म्हणजे एका लॉजिटचे किती गुण ते. प्रश्नांची सरासरी शून्य लॉजिटवर असते, म्हणून ५०० मधून ०.५० गुणिले ८०, म्हणजे ४०, वजा करा. ४६० हा यूआयमीन, म्हणजे नव्या पट्टीवरची प्रश्नांची सरासरी. कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, यूआयमीन=४६०, यूस्केल=८०, यूडेसिम=० (दशांश नकोत) अशा तीन ओळी घाला. चालू विश्लेषणात स्पेसिफिकेशन मेनूतूनही हे देता येतं. मग दोन मुलं हाताने पडताळा: १.३२ चे ५६६ आणि उणे ०.७५ चे ४०० यायला हवेत. टेबल ३.१ मध्ये टोकाचे (शून्य किंवा पैकीच्या पैकी) गुण धरून आणि वगळून असे दोन सारांश असतात. सरासरी-विचलन कुठल्या सारांशातून घेतलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुढे हिशेब जुळत नाही.

यूपीमीन=५००, म्हणजे मुलांची सरासरीच ५००, असं लिहून हे एका ओळीत उरकण्याचा मोह होतो. पण मग दर तुकडीची सरासरी ५०० च येणार. यंदाची मुलं गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेली, हे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही. पट्टी प्रश्नांना बांधा, मुलांना नाही.

शाळांना ० ते १०० फार आवडतं. त्यासाठी लागणारे यूमीन (म्हणजे यूआयमीनच) आणि यूस्केल टेबल २० स्वतःच काढून देतं. शून्य गुणांचा लॉजिट उणे ५.१० आणि तीसपैकी तीसचा ४.९० असेल, तर यूस्केल १० आणि यूआयमीन ५१. आमचं मत विचाराल तर ही पट्टी टाळा. ६२ आकडा दिसला की घरी ‘बासष्ट टक्के’च वाचला जातो, आणि तो टक्का नाही.

त्यापेक्षा यूस्केल=९.१, यूआयमीन=५०० ही जोडी कामाची. इथे मुलाचा आकडा प्रश्नाच्या आकड्याइतकाच असेल, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के; मूल १० ने वर असेल तर ७५, २० ने वर असेल तर ९० टक्के. मुलं आणि प्रश्न एकाच पट्टीवर असल्याने शिक्षकाला थेट सांगता येतं की ५१२ वाल्या मुलाला ५०२ चा प्रश्न बहुतेक जमेल, ५३२ चा नाही.

प्रमाण त्रुटीही (मोजमाप साधारण किती मागेपुढे होऊ शकतं तो आकडा) त्याच यूस्केलने गुणली जाते. विनस्टेप्स ते आपोआप करतं, पण एक्सेलमध्ये रूपांतर करणारे हमखास विसरतात. आणि त्रुटीत यूआयमीन मिळवायचा नसतो. ०.४२ लॉजिटची त्रुटी ८० च्या पट्टीवर ३४ होते. दोन मुलांमधल्या फरकाची त्रुटी त्याच्या १.४१ पट, म्हणजे ४८ च्या आसपास. तेव्हा ८० च्या पट्टीवर ५१२ आणि ५४० यांना पहिला-दुसरा ठरवू नका. तीसपैकी तीस मिळवणाऱ्याचं तर आणखी अवघड: त्याची क्षमता मोजताच येत नाही, म्हणून प्रोग्राम ०.३ गुण कापून २९.७ धरतो, आणि त्रुटी १.८ लॉजिटच्या घरात, म्हणजे सुमारे १४५ गुण येते. अशा आकड्याशेजारी खूण करा.

पुढच्या वर्षी काही प्रश्न बदलणार असाल, तर प्रश्नांची सरासरी सरकते आणि तिच्याबरोबर शून्यही. जुने प्रश्न अँकर करा, म्हणजे त्यांचं गेल्या वर्षीचं काठिण्य तसंच बांधून ठेवा. अँकर फाइलमधले आकडे प्रोग्राम चालू यूस्केलमधले समजतो. फाइलमध्ये लॉजिट आणि कंट्रोल फाइलमध्ये यूस्केल=८० असेल, तर प्रत्येक अँकर ८० ने भागला जातो आणि सगळे प्रश्न जवळजवळ एकाच काठिण्याचे होऊन बसतात. उपाय यूएस्केल=१, म्हणजे अँकरचे आकडे लॉजिटमध्ये आहेत असं प्रोग्रामला सांगणं. आणखी निर्धास्त वाट म्हणजे अँकरचं विश्लेषण लॉजिटमध्ये करून, गेल्या वर्षीचे तेच ८० आणि ४६० बाहेर शीटमध्ये लावणं. नव्या तुकडीवरून नवे काढायचे नाहीत.

अँकर निवडताना दोन्ही माध्यमांत प्रश्न सारखाच अवघड आहे ना, ते टेबल ३० मध्ये बघा. उभी वजाबाकी सहसा टिकते. शाब्दिक उदाहरण भाषांतरात सोपं किंवा अवघड होतं. मराठी आणि गुजराती काठिण्यात अर्ध्या लॉजिटहून, म्हणजे ८० च्या पट्टीवर ४० गुणांहून, जास्त फरक दिसला तर तो प्रश्न चाचणीत राहू द्या, पण अँकरच्या यादीतून काढा.