ब्लू-रे प्लेअर घेताय? अ‍ॅप सगळ्यात शेवटी मोजा

डिस्कही चालवेल आणि नेटवरचे व्हिडिओही दाखवेल असा ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी डिस्क) प्लेअर घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'ज्यात जास्त अ‍ॅप, तो घ्या.' हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून लोकांचे पैसे वाया गेलेले मी वारंवार पाहिले आहेत. डिस्क वाचणारा भाग नीट वापरला तर दहा-दहा वर्षं साथ देतो, अ‍ॅप मात्र त्याच्या निम्म्या काळातही जुनी होतात. म्हणून आधी डिस्कची बाजू तपासा, मग नेटची.

१. घरातल्या डिस्क दुकानात न्या

लग्नाची डीव्हीडी, नाटकाची जुनी व्हीसीडी (म्हणजे सीडीवरचा व्हिडिओ), परदेशातून आलेली एखादी डिस्क असं सगळं पिशवीत टाका. दुकानातली डेमो डिस्क कुठल्याही प्लेअरवर सुंदरच दिसते, तिच्यावर वेळ घालवू नका. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे वाचायला वेगवेगळे लेझर लागतात, अनुक्रमे ७८०, ६५० आणि ४०५ नॅनोमीटरचे. त्यामुळे ब्लू-रे झकास चालवणारा प्लेअर व्हीसीडीपाशी अडू शकतो. काही मॉडेल तर व्हीसीडी मुळातच चालवत नाहीत. लग्नाची डिस्क फोटोवाल्याने बर्न केलेली असते, खालून जांभळट दिसते. पहिला सीन दिसला म्हणून ती लगेच बाहेर काढू नका. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि अडखळते ती बहुधा बाहेरच्या कडेला. तेव्हा थेट पाठवणीपर्यंत पुढे न्या आणि दोन मिनिटं चालू द्या.

२. रीजन बघा

रीजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणारं कुलूप. भारताचा डीव्हीडी रीजन ५ आणि ब्लू-रे रीजन सी. अमेरिकेचे अनुक्रमे १ आणि ए. दुबईचे २ आणि बी. फोर-के (साध्या ब्लू-रेहून बारीक चित्राच्या) ब्लू-रे डिस्कला रीजनच नसतो. त्यामुळे मुलाने अमेरिकेहून आणलेल्या प्लेअरवर फोर-के डिस्क चालते आणि इथे घेतलेली साधी डिस्क अडते. उलट न्यू जर्सीत राहणाऱ्यांना दुसरी अडचण येते: आपल्याकडच्या लग्नाच्या डिस्क पाल या चित्रपद्धतीच्या आणि तिथले बरेच प्लेअर फक्त एनटीएससी ही तिकडची पद्धत घेतात. 'सगळे रीजन चालतात' असं दुकानदार म्हणाला तर समोर लावून दाखवायला सांगा. डीव्हीडीचं कुलूप काही प्लेअरमध्ये रिमोटवरून उघडतं, ब्लू-रेचं तसं सहसा उघडत नाही.

३. टीव्ही आणि जोडणी

एचडीएमआय हवंच. ब्लू-रेचं चित्र जुन्या रंगीत पिनांतून देणारे प्लेअर बनवायला २०१३ अखेरीनंतर परवानगीच नाही. फोर-केसाठी टीव्हीच्या त्याच पोर्टवर एचडीसीपी २.२ (नकल रोखणारी सोय) असावं लागतं. मध्ये ते नसलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर दोन एचडीएमआय आउटपुटवाला प्लेअर घ्या: एक थेट टीव्हीला, दुसरं आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायरला.

४. आता नेट

खरी फसगत इथे होते. खोक्यावर वायफायचं चिन्ह असतं, रिमोटवर नेटफ्लिक्सचं लाल बटण असतं आणि माणूस निश्चिंत होतो. जुन्या मॉडेलच्या खोक्यावर 'वायफाय रेडी' लिहिलेलं असेल तर सावध व्हा. त्यात वायफाय नसतं, ते चालायला वेगळा डोंगल लागतो आणि तो आता मिळणं मुश्कील.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्लेअरवरची अ‍ॅप फोनसारखी नसतात. कंपनीने जी दिली तीच. नवं टाकता येत नाही आणि कंपनीने अपडेट थांबवले की असलेलंही बंद पडतं. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा २०१२ पर्यंतच्या कितीतरी टीव्ही आणि प्लेअरवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या उपकरणांना रामराम केला. उपकरण धडधाकट, बटणही जागेवर, पण दाबून काही होत नाही.

मराठी मालिका-सिनेमे बघायचे असतील तर आणखी कठीण. झी५ किंवा जिओहॉटस्टार बहुतेक डिस्क प्लेअरवर नसतंच. अमेरिकेहून आणलेल्या प्लेअरवर तिथली अ‍ॅप दिसतात, ती इथे चालत नाहीत.

म्हणून दुकानात ही चाचणी घ्या. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा, कारण बऱ्याच प्लेअरना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. प्लेअर जोडा आणि यूट्यूब उघडून काहीतरी शेवटपर्यंत बघा. नेटफ्लिक्समध्ये स्वतः लॉगिन करून बघा. निघताना लॉगआउट विसरू नका. मग फोनवर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधी आलं ते पहा. तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर अ‍ॅप गेलीच समजून दर ठरवा. पेनड्राइव्हवर मराठी सबटायटलची फाइलही न्या. पुष्कळ प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

माझं मत ठाम आहे: चांगला डिस्क वाचणारा प्लेअर घ्या आणि स्ट्रीमिंगसाठी टीव्हीतलीच अ‍ॅप किंवा टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची वेगळी स्टिक वापरा. स्टिक जुनी झाली की ती तेवढी बदलता येते. चित्रातही फरक आहेच. फोर-के डिस्कवरून सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर माहिती येऊ शकते, नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. अंधारातला सीन दोन्हीकडे लावून बघा, नेटवरच्या चित्रात काळ्या भागातले ठोकळे लगेच दिसतील.

तरीही नेटची जोडणी असलेलाच प्लेअर घ्या, कारण तिचा खरा उपयोग अपडेटसाठी आहे. ब्लू-रेची नकल रोखणाऱ्या (रीजनहून वेगळ्या) कुलपाच्या चाव्या बदलत राहतात आणि नवी डिस्क जुन्या फर्मवेअरवर अडते.

५. कंपनी

ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये नवी मॉडेल आणणं बंद केलं आणि २०२४ अखेरीस एलजीही बाहेर पडली. नव्यात सोनी किंवा पॅनासॉनिकच बघा.

घरी आणल्यावर डिस्क लावण्याआधी लॅन केबलने फर्मवेअर अपडेट करा. इन्व्हर्टरच्या पॉइंटवर जोडूनच करा, कारण अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर प्लेअर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.