बांबोळीच्या ओपीडीला निघण्यापूर्वी

हार्ट फेल्युअरच्या (हृदय रक्त पुरेसे पुढे ढकलू शकत नाही त्या आजाराच्या) रुग्णाला, समजा तुमच्या बाबांना, घेऊन गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, जायचे तर फाइल आदल्या रात्रीच लावा: शेवटचा इको, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेचे कार्ड. एवढे सगळेच नेतात. घरी राहतो तो बाबांच्या रोजच्या जगण्याचा हिशेब, आणि डॉक्टरांना तोच सर्वांत उपयोगी पडतो. इकोवरचा ईएफ (दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा) आणि माणसाची उमेद यांचा मेळ बसतोच असे नाही. ईएफ 30 असलेला एखादा म्हापशाचा बाजार फिरून येतो, तर 55 असलेल्याला न्हाणीपर्यंत जाताना धाप लागते. हृदय आकुंचन पावते ठीक, पण नीट सैल पडत नाही, असाही प्रकार असतो.

म्हणून आठवडाभर आधी एक वही घाला. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत 2 किलोच्या वर गेले तर ते अंगात साठलेले पाणी समजा. तारखेची वाट पाहू नका, आधीच फोन करा. झोपताना किती उश्या लागतात, रात्री दम लागून उठून बसावे लागते का, चपलेचा पट्टा लावायला वाकले की श्वास कोंडतो का, तेही लिहा. नुसते ‘कसं वाटतं?’ विचाराल तर बाबा ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतील. विचारायचे असे: मागच्या चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढला होतात, आता चढाल का? धापेच्या चार श्रेण्या डॉक्टर अशाच उत्तरांवरून ठरवतात.

रक्ताचे रिपोर्ट ताजे हवेत: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, थायरॉईड. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) नसेल तर मुद्दाम विचारा. या आजारात लोहाची कमतरता फार आढळते आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही ती असू शकते. फेरिटिन 100 च्या खाली, किंवा 100 ते 299 असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे ते) 20 टक्क्यांखाली, हे तिचे मोजमाप. ज्यांचा ईएफ कमी आहे, त्यांना शिरेतून लोह दिल्यावर थकवा उतरतो, चालणे वाढते, हे 2009 मधल्या फेअर-एचएफ चाचणीत दिसले. गोळ्यांचा तसा गुण दिसलेला नाही. ‘वयच झालं’ म्हणून सोडून दिलेला थकवा कधी कधी एवढ्यावर हटतो.

औषधांची नावे सांगत बसू नका, पाकिटेच पिशवीत टाका. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणलेली डायक्लोफिनॅकसुद्धा. ती पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडाला जाच करते. कदंब बसमध्ये लघवीला कुठे थांबणार, म्हणून प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी चुकवणारे पुष्कळ. चुकवली असेल तर लपवू नका. वेळ पुढेमागे करता येते का, हे विचारून घ्या.

खाण्याचे खरे लिहा: खारे बांगडे, पापड, पेजेबरोबरचे लोणचे. पाण्यावर मर्यादा असेल तर पेज आणि सोलकढीही त्यात मोजायची. ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी) चालू असताना ते महागात पडते.

झोप लागत नाही, देवळातल्या भजनाला जाणे सोडले, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, हेही वहीत हवे. या आजारात उदासी पुष्कळांना गाठते आणि तिलाही उपचार असतात. बाबा डॉक्टरांसमोर हे काढणार नाहीत.

सोबत कुणी जायचे? गाडी ज्याची त्याने, असे घरोघरी ठरते. माझ्या मते रांधणारी व्यक्ती आत हवी. मीठ किती पडते ते तिलाच ठाऊक. निघताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: सूज नसतानाचे बाबांचे वजन किती धरायचे, आणि ते वाढले तर लघवीची गोळी घरच्या घरी वाढवायची की नाही, वाढवायची तर किती.