जुन्या जीपला स्टीअरिंग बॉक्सपाशी प्लेट मारायची तर

स्टीअरिंग बॉक्स म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा, तो चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टांनी बसवलेला असतो. तिथला चॅसीचा पत्रा मजबूत करायला त्यावर लोखंडी प्लेट वेल्ड करतात. आधी गरज आहे का ते बघा. गाडी डांबरावर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून सांगा की स्टीअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे हलवत रहा, चाकं वळायच्या बेतात येतील एवढंच. आपण बाजूला बसून मडगार्डमधून टॉर्च मारायचा आणि नजर बॉक्सवर. बॉक्स चॅसीपासून वेगळा हलतोय का, की चॅसीचा पत्राच बॉक्सबरोबर आत-बाहेर होतोय, दोन्ही वेगळे आजार आहेत. पहिल्यात नुसते बोल्ट ढिले असू शकतात. दुसऱ्यात काम आहे.

माझ्या जुन्या महिंद्राला दुसरा होता. वरच्या पुढच्या बोल्टाच्या भोकापासून एक तांबूस रेघ निघाली होती, केसाएवढी, मी आधी चिखल समजून पुसली. पुसून जाईना म्हणून नख फिरवलं तर नख अडकलं. म्हणजे क्रॅक.

हे होतं कशामुळे तर आपल्याच हौसेमुळे. गाडी आली तेव्हा टायर बारीक होते, स्टीअरिंग हाताच्या ताकदीचं होतं. मग आपण २३५/७५ आर १५ टाकले, म्हणजे जवळजवळ २९ इंच उंच, वर पॉवर स्टीअरिंगचा बॉक्स बसवला. आता ताम्हिणीच्या बाजूला कुठे दोन दगडांत चाक अडकलं की पंप जोर लावतच राहतो, चाक तर वळत नाही, मग तो सगळा जोर बॉक्सच्या तीन-चार बोल्टांमधून चॅसीच्या पत्र्यावर येतो. असं हजार वेळा झालं की पत्रा दमतो.

आता एक चूक सांगतो जी मी पैसे देऊन केलीय. पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये ८ मिमीचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी गच्च वेल्ड करून घेतला, वाटलं आता आयुष्यभर बघायला नको. सातव्या महिन्यात नवीन क्रॅक, तीही बरोबर प्लेटच्या मागच्या उभ्या वेल्डच्या कडेने, वरून खाली. कारण असं की जाड प्लेट वाकत नाही, पुढचा पातळ पत्रा वाकतो, आणि जिथे जाड संपून पातळ सुरू होतं तिथेच सगळा ताण साठतो, त्यात उभ्या वेल्डच्या उष्णतेने तो पत्रा आधीच कमकुवत झालेला. त्यामुळे प्लेट जाड नको, लांब हवी, आणि तिची टोकं निमुळती हवीत.

चॅसी वर्निअरने मोजा. बहुतेक ३ मिमीच्या आसपास निघते, तिला ४ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पुरे, फार तर ५. आधी पुठ्ठ्याचा साचा करा, बॉक्सच्या पुढे-मागे किमान १०० ते १५० मिमी जाईल असा, आणि दोन्ही टोकांना माशाच्या तोंडासारखा व्ही कापा, म्हणजे सरळ उभी कड कुठेच राहत नाही. चॅसीच्या वरच्या-खालच्या कडेपासून १० मिमी तरी आत थांबा, त्या कडांवर वेल्ड नको. साचा पक्का झाला की भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडून कापून आणा, ग्राइंडरने कापलेली पण चालते, फक्त कोपरे गोल करा. प्लेटच्या मधल्या भागात १२ मिमीची चार-पाच भोकं पाडून ठेवा, त्यातूनही वेल्ड भरायचाय.

आता बॉक्स उतरवणे. चाकं सरळ करा, ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवरचा दांडा) आणि शाफ्टवर सेंटर पंचने खूण करा, आर्म पुलरनेच काढा. हातोड्याने ठोकलात तर आतल्या बेअरिंगची वाट लागते. बॉक्स गाडीवर ठेवून वेल्डिंग अजिबात नको, सील जळतात, आणि अर्थिंग चुकलं तर करंट बेअरिंगमधून जातो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची मोठी वायर काढा, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचा कपलर पण. ब्रेकचा आणि डिझेलचा पाइप बाजूला घ्या, जमत नसेल तर ओली गोणी आणि त्यावर पत्रा. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि एक माणूस नुसता ठिणग्या बघायला.

मग सफाई, हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि बहुतेक लोक इथेच माती खातात. रंग, गंज, ग्रीस सगळं काढून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, आजूबाजूला दोन इंच. पुसायला थिनर चालेल, पण पूर्ण उडून जाऊ द्या. ब्रेक क्लीनर बिलकुल नको, काहींमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात आणि वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्यातून विषारी वायू होतो. सफाई करताना स्क्रू ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला तर थांबा, कुजलेल्या चॅसीवर प्लेट मारणं म्हणजे भिंत पडतेय आणि आपण वॉलपेपर लावतोय.

क्रॅक कुठपर्यंत गेलीय ते डोळ्याला दिसतं त्यापेक्षा लांब असतं. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे स्प्रे मिळतात, लाल मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा, रेघ आपोआप उमटते. तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, मग रेघेवर ग्राइंडरने व्ही खाच करून वेल्ड भरा आणि सपाट घासून घ्या. हे न करता वरून प्लेट झाकली तर खाली क्रॅक चालूच राहते.

चॅसी पेटीसारखी बंद असेल तर बोल्टांच्या भोकांत बुश हवेतच. बोल्ट जेमतेम सरकेल अशा जाड पाइपचे तुकडे आरपार घालायचे आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचे, नाहीतर नट आवळला की पेटी चेपते, आणि चेपलेली पेटी घट्ट कधीच राहत नाही. माझ्या मते अर्धं काम या बुशांचं आहे, प्लेट त्यानंतर.

वेल्डिंगला सीओटू मशीन (गॅस आणि वायरवालं) असेल तर ०.८ मिमीची वायर. रॉडने करणार असाल तर ७०१८ नंबरचा रॉड, ३.१५ मिमी, शंभर-एकशेवीस अँपिअर, आणि रॉड ओव्हनमधून काढलेले कोरडे, पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातले तर नकोच. बोल्ट घालून प्लेट जागेवर आवळा, टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा, बोल्ट सरकतात का तपासा, मग एका वेळी इंचभर टाका, लगेच विरुद्ध टोकाला दुसरा इंच, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. घाई झाली म्हणून पाणी मारू नका. निमुळत्या टोकाच्या अगदी अणीवर टाका सुरू किंवा बंद करायचा नाही. आणि स्पष्ट सांगतो, तुम्ही आजवर गेट आणि ग्रिलच केले असतील तर कापणं, घासणं, टॅक एवढं तुम्ही करा आणि पक्का वेल्ड रोज स्ट्रक्चरचं काम करणाऱ्याकडून मारून घ्या. शेवटी स्टीअरिंग आहे ते.

थंड झाल्यावर परत डाय टेस्ट, मग झिंक प्रायमर, त्यावर चॅसीचा काळा, आणि पेटीच्या आत वॅक्स फवारा, कारण वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

बोल्ट नवे, ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात, नायलॉक नटही (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) नवेच. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, मॅन्युअल नसेल तर १२ मिमीच्या ८.८ बोल्टाला साधारण ८० न्यूटन मीटर. ड्रॉप आर्म खुणेवर बसवा. पॉवर स्टीअरिंगचं तेल भरा, पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हवा निघाली की मग चालू करा. स्टीअरिंग व्हील वाकडं आलं तर ते उपटून दुसऱ्या दात्यावर बसवू नका, ड्रॅग लिंकवर (ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा) सरळ करा, म्हणजे बॉक्स मधोमधच राहतो.

शेवटी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून एक पांढरी रेघ ओढा. ५० किलोमीटरला टॉर्क पाना लावा, ५०० ला परत, आणि नंतर दर वेळी ऑफरोडवरून आलात की गाडी धुताना टॉर्च मारून बघायचं, रेघ तुटली असेल तर नट फिरलाय.