बायपास सांगितलीय? आधी अँजिओची सीडी मागा, मग बाकीचं

आमच्या अण्णांची अँजिओग्राफी आत चालू होती आणि आम्ही तिघं बाहेर बाकड्यावर. अर्ध्या तासाने दार उघडलं, पेशंटचे नातेवाईक कोण म्हणून हाक आली, आत गेलो तर काचेपलीकडे अण्णा टेबलावर आडवे, स्क्रीनवर काळ्या दोऱ्यांसारखं काहीतरी वळवळतंय आणि डॉक्टर म्हणतायत, तिन्ही नसांमध्ये ब्लॉक आहेत, बायपास लागणार, परवा लिस्टमध्ये जागा आहे, तोपर्यंत काउंटरवर डिपॉझिटचं बघून घ्या. मला स्क्रीनवर ओ का ठो कळलं नाही, मान मात्र मी डोलावली. त्या मानेपासून पुढचे एकोणीस दिवस आम्ही जे केलं, जे चुकलो, ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण फाईल घेऊन भरपूर फिरलोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथे चूक झाली तर माणूस हातचा जाईल. छातीत दुखणं चालूच आहे, घाम फुटलाय, ईसीजी बघून डॉक्टर म्हणतायत अटॅक चालू आहे, तर कसलं सेकंड ओपिनियन घेऊ नका. तिथे नस लवकरात लवकर उघडायची असते, हॉस्पिटलात पाय टाकल्यापासून दीड तासाच्या आत नसेतला ब्लॉक उघडणारा फुगा फुगवावा असा डॉक्टरांचा हिशोब असतो, आणि तुम्ही मेव्हण्याच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावत बसलात तर तेवढ्यात हृदयाचा तुकडा मरतो. सही करा आणि बाजूला व्हा. सेकंड ओपिनियन हे स्थिर पेशंटसाठी. चालताना-जिना चढताना दम लागतो किंवा दुखतं, थांबलं की बरं वाटतं, महिनोन्महिने हे चाललंय, ट्रेडमिल टेस्ट बिघडली म्हणून अँजिओ केली, असं असेल तर सहसा तुमच्याकडे काही दिवस असतात. सहसा म्हटलं, कारण लेफ्ट मेन नावाची मूळ नसच खूप अरुंद झालेली असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल तर पेशंटला घरी न्यायचं नाही. त्यासाठी पहिल्या डॉक्टरलाच सरळ विचारायचं, "सर, चार-आठ दिवस थांबलं तर चालेल का, आणि थांबायचं तर घरी की इथेच?" एवढ्या एका प्रश्नाने निम्मी भीती जाते. आम्हाला उत्तर मिळालं, आठ-दहा दिवस चालतील, घरी न्या, जड काम नको, गोळ्या चुकवू नका. मग परवाची तारीख कुठून आली? लिस्टमध्ये जागा होती म्हणून, बस.

पेशंटला हलवायचं नसेल तरी ओपिनियन घेता येतं हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पेशंट बेडवरच राहतो, तुम्ही सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं. त्यासाठी उगाच भांडून डामावर सही करून, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला धुडकावून नेतोय असं लिहून देऊन, माणसाला उचलून नेऊ नका.

आता कागदपत्रं. लोक रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवतात आणि विचारतात, काय करू? त्या एका कागदावर कोणीच नीट मत देऊ शकत नाही. रिपोर्ट म्हणजे पहिल्या डॉक्टरने फिल्म बघून लिहिलेलं त्याचं मत, आणि तुम्हाला दुसऱ्याचं मत त्याच फिल्मवर हवंय. म्हणून अँजिओची सीडी किंवा पेनड्राइव्ह, ही मुख्य वस्तू. सोबत टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट (त्यात ईएफ म्हणजे आपण ज्याला पंपिंग म्हणतो तो आकडा असतो), जुने-नवे सगळे ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा), हिमोग्लोबिन, डिस्चार्ज कार्ड, आणि चालू गोळ्यांची यादी, यादी म्हणजे नावं लिहून नको, सरळ पाकिटंच पिशवीत टाका.

आणि सीडी तिथेच उघडून बघा! आम्ही साताऱ्याहून एकशेदहा किलोमीटरच्या आसपास पुण्याला गेलो, अडीच तास ओपीडीत बसलो, नंबर आला, डॉक्टरांनी सीडी टाकली आणि आत फक्त ती बघायचं सॉफ्टवेअर, फिल्मचा पत्ता नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, परत जाऊन कॉपी करून आणा, आठवड्यातून एखादी अशी येतेच. अण्णा गाडीत एक शब्द बोलले नाहीत, शिरवळला चहा प्यायला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "लग्नाची कॅसेट पण अशीच निघाली होती." तर कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओ करतात त्या खोलीच्या, बाहेर टेक्निशियनला म्हणायचं, भाऊ, एकदा लावून दाखवा. दोन कॉप्या घ्या, एक घरी.

रेकॉर्ड द्यायला कोणी कुरकुर केली तर आवाज चढवू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली तिच्यात सेकंड ओपिनियनचा हक्क वेगळा लिहिलाय. पण खरं सांगू, आम्हाला यातलं काही काढावं लागलं नाही. मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, "सर, तुमच्यावर विश्वास आहेच, पण घरात सगळ्यांचं एकदा समाधान होऊ दे, पुण्याला मामांच्या ओळखीत दाखवून येतो." ते म्हणाले, दाखवा की. आपल्याकडे उगाच वाटत राहतं की डॉक्टर चिडतील. चिडलेच तर तेही तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच कळलं ना.

कोणाकडे जायचं? त्याच हॉस्पिटलातल्या शेजारच्या केबिनमध्ये नको, पहिल्या डॉक्टरने स्वतःच सुचवलेल्या मित्राकडेही शक्यतो नको. स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकणारा कार्डिओलॉजिस्ट वेगळा आणि बायपास (छाती उघडून ब्लॉकला वळसा घालणारी नळी जोडणं) करणारा सर्जन वेगळा, आणि ज्याच्या हातात जे हत्यार त्याला ते आधी सुचणार, यात कोणी लबाड आहे असं नाही, स्वभावच आहे तो. म्हणून स्टेंट सांगितला असेल तर सर्जनलाही विचारा, बायपास सांगितली असेल तर कार्डिओलॉजिस्टलाही विचारा, आणि दोघं एकत्र बसून फिल्म बघतात असं हॉस्पिटल मिळालं, हार्ट टीम म्हणतात त्याला, तर सोन्याहून पिवळं. सरकारी हॉस्पिटलांना नाकं मुरडू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपूरला सुपरस्पेशालिटी, इथल्या डॉक्टरांनी जेवढे पेशंट बघितलेले असतात तेवढे कुठे बघायला मिळणार, आणि तुम्ही ऑपरेशन केलं काय, नाही केलं काय, त्यांच्या पगारात फरक पडत नाही. गर्दी मात्र मरणाची, डबा-पाणी घेऊन सकाळी लवकर जायचं.

आत गेल्यावर "त्यांनी बायपास सांगितलीय, बरोबर आहे का हो?" असं सुरू करू नका, समोरचा हो म्हणून मोकळा होतो. सीडी द्या, गप्प बसा, बघू द्या. मग त्रास पेशंटलाच सांगू द्या, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. आमचे अण्णा म्हणाले, छातीत कधी दुखलंच नाही, देवळाच्या पायऱ्या चढताना खालचा जबडा दुखायचा. त्यापायी त्यांनी गेल्या वर्षी एक चांगली दाढ काढून घेतली होती! आम्हाला वाटायचं दाताचं असेल. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी विचारलं, कितव्या पायरीला? तेव्हा विसाव्या, आता आठव्या. त्यांनी ते लिहून घेतलं. शुगरवाल्यांना हृदयाचं दुखणं असं भलतीकडेच जाणवू शकतं, आणि थोड्याच श्रमात दुखायला लागलंय म्हणजे आजार पुढे सरकतोय. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.

नंतर तुमचे प्रश्न. घरून कागदावर लिहून न्या, आत गेलं की डोकं बंद पडतं. पहिला प्रश्न टक्क्यांचा. 70 टक्के, 90 टक्के हे आकडे बहुतेक वेळा डोळ्यांनी बघून अंदाजाने सांगतात, एकाच फिल्मला दोन डॉक्टर 60 आणि 75 म्हणू शकतात. ब्लॉक काठावरचा असेल तर एफएफआर केलं होतं का विचारा, त्यात नसेत बारीक तार घालून ब्लॉकच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतात, आकडा 0.80 किंवा त्याच्या खाली आला तर तो ब्लॉक खरंच रक्त अडवतोय असं धरतात. आमच्याकडे एलएडी या मुख्य नसेत 90 होता, तिथे मोजायचं काही शिल्लकच नव्हतं.

दुसरा प्रश्न, नुसत्या गोळ्यांवर राहिलं तर काय होईल? हा विचारायला लाजू नका. 2020 मध्ये इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास आला, 5,179 स्थिर पेशंटवर. त्यात लगेच अँजिओ करून स्टेंट-बायपास केलेल्यांमध्ये आणि आधी गोळ्यांवर ठेवलेल्यांमध्ये साधारण तीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक मिळून मोठा फरक दिसला नाही, ज्यांना दुखण्याचा त्रास होता त्यांचा तो त्रास मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाला. पण लेफ्ट मेनचा ब्लॉक असलेले आणि पंपिंग फार कमी असलेले लोक त्यात घेतलेच नव्हते, म्हणून हा आकडा वाचून कोणी घरी बसू नका, फक्त विचारा की आमचा पेशंट त्यात बसतो का.

तिसरा, स्टेंट का नाही? आमच्या घरात सगळ्यांना स्टेंटच हवा होता. चुलतभावाला टाकला, दोन दिवसांत घरी, चौथ्या दिवशी दुकानात. छाती उघडायचं नाव काढलं की आई देवघरात जाऊन बसायची. खरं सांगायचं तर आम्ही पुण्याला सल्ला घ्यायला नाही, "स्टेंटने भागेल" हे वाक्य ऐकायला गेलो होतो. ते मिळालं नाही. डॉक्टरांनी समजावलं की शुगर आहे, तिन्ही नसा खराब आहेत, आणि अशा लोकांवर झालेल्या फ्रीडम नावाच्या अभ्यासात (2012, 1,900 पेशंट) पाच वर्षांनी बायपासवाले स्टेंटवाल्यांपेक्षा चांगले निघाले, मृत्यूही कमी, अटॅकही कमी, पक्षाघात मात्र बायपासमध्ये थोडे जास्त. शिवाय छातीच्या आतली एक धमनी, लिमा म्हणतात तिला, एलएडीला जोडली की ती वर्षानुवर्षं चांगली चालते, पायाच्या शिरेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून हेही विचारून ठेवा, कुठल्या नसेला कुठली नळी जोडणार आणि लिमा वापरणार ना?

मग गेलो कशाला, पैसे वाया? अजिबात नाही. ऑपरेशन तेच राहिलं पण तारीख बदलली. एचबीएवनसी साडेनऊ होतं, एवढ्या शुगरवर छाती उघडली की जखम चिघळायचा धोका वाढतो, आधी इन्सुलिनने आटोक्यात आणू म्हणाले. क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू होती, ती साधारण पाच दिवस आधी थांबवतात नाहीतर रक्तस्राव जास्त होतो, आणि दोन दिवसांवर ऑपरेशन असल्याने तो हिशोब बसतच नव्हता. (ही गोळी स्वतःच्या मनाने कधीच बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील त्याच दिवशी, आणि आधी स्टेंट पडलेला असेल तर अजिबातच नाही.) मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, करून घ्या म्हणाले, ते झालेलं नव्हतं. विडी? अण्णांनी खाली मान घातली. आजपासून बंद.

अजून एक, हे मला उशिरा कळलं. काही जणांना बायपास नाही, टेबलावरच स्टेंट सांगतात, पेशंट आत, नातेवाईकांकडे पाच मिनिटं, "आत्ताच टाकून घेऊ, परत कशाला टोचायचं". अटॅक चालू असेल तर ते बरोबरच आहे. पण ठरवून केलेल्या अँजिओला जाताना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की फक्त अँजिओ करा, बाकीचं फिल्म बघून ठरवू, आणि संमतीपत्रावरही तसंच लिहा.

व्हॉल्वचं, म्हणजे हृदयातल्या झडपेचं, ऑपरेशन असेल तर प्रश्न वेगळे. रिपेअर होईल का बदलावाच लागेल, बदलायचा तर धातूचा की जनावराच्या ऊतीचा, कारण धातूचा टाकला की रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय त्याची) तपासणी जन्मभर. रिपेअर सगळे सर्जन सारखं करत नाहीत, म्हणून तिथे दुसरं मत जास्तच कामाचं.

पैशांचं. कॅशलेस असेल आणि पहिल्या हॉस्पिटलने टीपीएकडे (विम्याचं काम बघणारी कंपनी) प्री-ऑथ (खर्चाच्या आगाऊ मंजुरीची मागणी) टाकली असेल तर हॉस्पिटल बदलताना ती कॅन्सल करायला सांगा, नाहीतर दुसरीकडे अडकते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत करायचं असेल तर हॉस्पिटल योजनेत आहे का आणि ही सर्जरी तिथे बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आधीच विचारा, सगळी हॉस्पिटलं सगळं करत नाहीत.

दोन मतं जुळली तर थांबा. नाही जुळली तर तिसरं घ्या, पण तिसऱ्याला पहिल्या दोघांत नेमका फरक कुठे आहे ते विचारा, मतदान घेऊ नका. आमचे एक नातेवाईक सात डॉक्टर फिरले, आठवा सापडला "ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ" वाला, सलाईनचे तीस डोस. त्यांचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

अण्णांची बायपास शेवटी साताऱ्यालाच झाली, पहिल्याच हॉस्पिटलच्या सर्जनकडे. पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं, चांगला हात आहे, घराजवळ करा, नंतर ड्रेसिंगला येणं-जाणं सोपं पडेल. मी सगळे नवे रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा थोडं अवघडल्यासारखं झालं होतं. सर्जनने पुण्याची चिठ्ठी वाचली, डॉपलर बघितलं, शुगरचा चार्ट बघितला, आणि म्हणाले, बरं झालं, सोमवारी घेऊ. मग सीडी परत देत विचारलं, "ही चालते ना आता?"