गुडघा कुठे जाणार? दांते जाकोझाच्या गाड्यांमधून शिकलेलं कार डिझाइन

पहिल्या नोकरीत मी एका हॅचबॅकचं स्केच घेऊन सरांच्या टेबलापाशी गेलो. छप्पर मागे छान उतरत नेलं होतं, चाकं मोठी, काचा बारीक. सरांनी ते नीट पाहिलं, पेन्सिलीचं टोक मागच्या सीटवर टेकवलं आणि विचारलं, "इथे बसणाऱ्याचा गुडघा कुठे जाणार?" मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी वहीच्या कोपऱ्यात एक नाव लिहून दिलं: दांते जाकोझा. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं भेटली की मी आजही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

जाकोझाचा जन्म १९०५ चा, रोममधला. शिक्षण तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये, इंजिनिअरिंगचं. १९२८ साली तो फियाटमध्ये लागला आणि १९७० पर्यंत तिथेच राहिला. एकोणतिसाव्या वर्षी त्याच्याकडे एका छोट्या मोटारीचं काम आलं. अट एकच होती, गाडी पाच हजार लिरांत विकता आली पाहिजे. १९३६ मध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत ८,९०० लिरा होती, म्हणजे अट काही पाळता आली नाही. पण त्या अटीनेच गाडी घडवली. त्याने ५६९ सीसीचं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे ढकललं आणि रेडिएटर इंजिनच्या मागे, वरच्या अंगाला बसवला. त्यामुळे आत माणसांना जागा मिळाली आणि बॉनेटला पुढे उतरता आलं. लोक तिला टोपोलिनो, म्हणजे छोटा उंदीर, म्हणू लागले. तिचं ते गोंडस नाक दिसतं छान, पण ते आलंय रेडिएटर हलवल्यामुळे. नव्या मुलांना मी हे चित्र काढायला लावतो: बाहेरची रेषा नाही, फक्त इंजिन, रेडिएटर, चार चाकं आणि बसलेली माणसं.

हा अभ्यास मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो मुंबईच्या टॅक्सीत. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात पूर्वी बनत असलेली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, आणि तिचं १९५३ चं मूळ मॉडेल जाकोझाच्याच हाताखाली तयार झालेलं. आमच्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्या काकांनी मला त्यांची गाडी एक अख्खी दुपार दिली होती. मी मेजपट्टी घेऊन सीटपासून छतापर्यंत, पेडलपासून सीटच्या पाठीपर्यंत, दाराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सगळं मोजलं. तिच्यात माणूस खुर्चीत बसल्यासारखा जवळपास ताठ बसतो. तसं बसलं की पाय पुढे कमी पसरतात, गाडीची लांबी वाचते, छप्पर मात्र उंच ठेवावं लागतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे पुढे सलग बाकडं बसवता आलं. हे सगळं चार मीटरच्या आत! लहान गाडीची करसवलत तिथेच संपते, त्यामुळे आपल्याकडे काम करताना हा चार मीटरचा आकडा तुम्ही रोज ऐकाल. डिझाइनच्या कुठल्याही प्रवेश परीक्षेची तयारी करत असाल, सीड (CEED) असो की आणखी काही, एक गाडी अशी हाताने मोजा. फोटोवरून स्केच काढणाऱ्याला आणि मोजून काढणाऱ्याला मी पहिल्या पानावरच ओळखतो.

१९५७ ची नवी फियाट ५०० सगळ्यांना आवडते, म्हणून तिची अडलेली सुरुवातही सांगायला हवी. ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन मागे. लांबी तीन मीटरहून थोडी कमी. अंग गोलसर, कारण वळणदार पत्रा पातळ असला तरी ताठ राहतो. छप्पर कापडी, मागपर्यंत गुंडाळता येणारं. एवढी काटकसर करता करता मागच्या बाजूला धड सीटच उरली नाही. स्कूटरवाल्यांनी गाडीकडे वळावं अशी अपेक्षा होती, पण आधीच्या फियाट ६०० पेक्षा ती काही फार स्वस्त नव्हती आणि लोकांना ती उघडीबोडकी वाटली. विक्री अडली. त्याच वर्षी मागे बसण्याची नीट सोय आणि थोडी जास्त ताकद देऊन ती पुन्हा आणावी लागली. १९५९ मध्ये तिला इटलीतला मोठा डिझाइन पुरस्कार, कंपासो दोरो, मिळाला. माझंही एक काम असंच बाजारात जाऊन परत आलं होतं. ते महिने फार जड गेले. तेव्हा जाकोझाची ही दुरुस्ती मी वहीत तारखांसकट उतरवून ठेवली होती.

मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्याने इतकी वर्षं वाट पाहिली त्यासाठी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटच्या दुसऱ्या एका इंजिनिअरने पुढच्या चाकांना ताकद देणारी चाचणीची गाडी बनवली होती. मालक जोव्हान्नी आन्येली स्वतः आत बसलेले असताना तिने पेट घेतला, आणि तो प्रकार कंपनीत बंदच झाला. जाकोझाने बाकीच्या गाड्या मन लावून केल्या, पण तो विचार सोडला नाही. १९६४ मध्ये फियाटशी जोडलेल्या ऑटोबियांकी कंपनीच्या नावाखाली प्रिमुला आली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला सरळ रेषेत. मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीमध्ये गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, त्याच्याच तेलात होता. जाकोझाने दोन्ही वेगळे ठेवले. त्यामुळे गिअरबॉक्स एका बाजूला गेला आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट एक लांब, एक आखूड झाले. १९६९ ची फियाट १२८ याच मांडणीवर उभी राहिली आणि १९७० ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. आज मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर धावणाऱ्या बहुतेक हॅचबॅक याच मांडणीच्या आहेत.

या शनिवारी ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, लिफ्टवर चढवलेली एखादी हॅचबॅक खालून बघू देतो का. पुढच्या दोन चाकांकडे जाणारे शाफ्ट शोधा, मेजपट्टी लावा आणि दोन्ही लांब्या वहीत लिहा. मग त्याच पानावर वरची माणसं काढा, गुडघ्यांसकट.